मिरीच्या मापाची गाडी

९ जानेवारी

दादा,

पत्र उघडलं की आधी शेवट वाचायची तुझी सवय मला माहीत आहे, म्हणून शेवट इथेच सांगून टाकते. मला घोडी न्यायची गाडी विकत घ्यायची आहे, जुनी. आणि गाड्यांतलं मला ओ की ठो कळत नाही.

आता कारण. मी ज्या तबेल्यात मुलांना घोड्यावर बसायला शिकवते त्याची जागा मालकांनी विकली. तिथे गोदामं होणार. मार्चअखेर सगळं रिकामं करायचंय. मालकांचे घोडे एका ठेकेदाराने ठरवून टाकलेत, वाळू ओढायला. काल मालक मला म्हणाले, "तुझ्या मिरीची सोय झाली नाही तर सांग. त्याच खेपेत जाईल, भाव बरा देतोय तो." हे ते उपकार म्हणून बोलले. मी हसले आणि घरी येऊन भांडी आपटली.

मिरीला तू पाहिलेलं नाहीस. पांढरी आहे, आणि कोणी वरून मिरपूड भुरभुरावी तसे अंगभर काळे ठिपके. बाबांनी माझ्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशांतले अर्धे मी तिच्यात घातले. हे तुला माहीत आहे आणि वहिनींना माहीत नाही, असं मी धरून चालते. उरलेले अर्धे आता गाडीत घालणार. त्यापलीकडे माझ्याकडे दमडी नाही.

घाटापलीकडे एक दूधवाल्या बाई आहेत. गोठ्याला लागून त्यांची एक शेड रिकामी आहे, ती त्या द्यायला तयार आहेत. तिथून आठवड्यातून दोनदा मिरीला एका शाळेत न्यायचं ठरतंय. ज्या मुलांना नीट चालता येत नाही ती तिच्या पाठीवर बसतील. म्हणजे एकदा भाड्याच्या गाडीने नेऊन भागणार नाही, गाडी आपलीच हवी. तू जन्मभर बसची आणि ट्रकची बॉडी बांधत आलास. जुनी गाडी बघायला गेलं की काय बघायचं, एवढं मला सांग.

फोन करण्यात अर्थ नाही. तू "हां, हां" म्हणतोस आणि ऐकत काहीच नाहीस. लवकर लिही. मला झोप लागत नाहीये आणि एका जागी बसवतही नाहीये.

तुझी धाकटी


१७ जानेवारी

धाकटे,

पहिला प्रश्न. चार पायांच्या जनावराला चार चाकं कशाला? चालत ने.

तू चिडली असशील, म्हणून पुढचं लिहितो. गाडीचा रंग बघू नको. रंग म्हणजे गाडीची पावडर, ज्याला काही झाकायचं आहे तो जास्त लावतो. आत शीर आणि जमिनीवरची रबरी चटई उचल. विकणारा म्हणेल, कशाला ताई, मजबूत आहे. तरी उचल. जनावर मुततं, ते चटईखाली मुरतं, आणि फळी वरून शाबूत दिसते पण खालून तिचा भुसा झालेला असतो. सोबत स्क्रूड्रायव्हर ने आणि कोपऱ्याकोपऱ्यात टोच. मग गाडीखाली आडवी हो. कपडे खराब होतील, होऊ देत. सांगाडा बघ. गंज पापुद्र्यासारखा निघत असेल तर उठून सरळ घरी ये, चहासुद्धा घेऊ नको. विकणाऱ्याचा चहा प्यायला की माणूस मऊ होतो.

इंजिनसाठी कोणी मिस्त्री ने. त्यातलं मला तुझ्यापेक्षा थोडंच जास्त कळतं.

एवढ्या लांबून मी उंटावरून शेळ्या हाकतोय, हे मलाही कळतं. पण इथे कारखान्यात कामाचा डोंगर आहे, सुटी काढता येणार नाही. फोनचं म्हणशील तर खरं आहे. तीस वर्षं पत्रा ठोकला, आता कान कारखान्यातच ठेवून घरी येतो.

लग्नाच्या पैशांचं तुझ्या वहिनीला पहिल्यापासून माहीत आहे. तिला काय माहीत नाही ते मला अजून सापडायचं आहे.

दादा


२८ जानेवारी

दादा,

चालत नेता आलं असतं तर तुझ्या पाया पडायला आले असते का? घाटाचा रस्ता अवजड गाड्यांचा आहे, कडेला पाय ठेवायला जागा नाही. आणि तिचा पुढचा डावा पाय जुना दुखावलेला आहे. कोणीतरी तिला बैलांच्या ट्रकात कोंबून आणलं होतं, ट्रकाने ब्रेक मारला आणि ती आतच पडली. तेव्हापासून गाडीचं दार उघडलं की ती चार पाय जमिनीत रोवते. म्हणजे गाडी मिळाली तरी पुढे घोडामैदान आहेच. ते नंतर बघू.

आत्तापर्यंत तीन गाड्या पाहिल्या. पहिली अगदी घोड्याचीच, बाहेरून निळीशार, दारावर उधळलेल्या घोड्याचं चित्र. मी चटई उचलली. विकणारे गृहस्थ म्हणाले, "ताई, विश्वास नाही का?" मी म्हटलं, माझा आहे, भावाचा नाही. स्क्रूड्रायव्हर टोचला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. ते गृहस्थ मलाच ओरडले, की चांगल्या गाडीला तुम्ही भोक पाडलंत.

दुसरी चांगली होती. तुझ्या सांगण्याप्रमाणे खाली आडवी झाले, वर आले तेव्हा केसांत ग्रीस होतं आणि मन खूश होतं. म्हटलं, एक दिवस विचार करते. दुसऱ्या दिवशी गेले तर गाडी विकलेली. तिसरीची किंमत ऐकून मी चहासुद्धा प्यायले नाही, तुझ्या सांगण्यावरून नव्हे, घशाखाली उतरला नसता म्हणून.

तबेल्यात माणसं टेप घेऊन फिरायला लागलीत. परवा मी मुलांना शिकवत होते आणि एकाने मैदानाच्या मधोमध खुंटी ठोकली. मिरी त्या खुंटीकडे बघून फुरफुरली. मीही फुरफुरले असते, पण मुलं होती. रोज सकाळी जाहिराती बघते, दुपारी चौकशा करते आणि संध्याकाळी तिथेच असते जिथे सकाळी होते. काहीतरी सुचव.

धाकटी


५ फेब्रुवारी

धाकटे,

सुचवत नाही, केलंय.

आमच्या गल्लीच्या टोकाला पावाची भट्टी होती, ती बंद झाली. तिची पाव पोचवायची बंद गाडी विकायला होती. घोड्याची गाडी म्हटलं की विकणारा दुप्पट मागतो. पावाच्या गाडीला कोण विचारतो? मी गेलो. फळी टोचली, स्क्रूड्रायव्हर उलटा माझ्याच हाताला लागला. पाव काही मुतत नाही. सांगाडा खणखणीत. आतली उंची साडेसात फूट, पावाचे ट्रे एकावर एक लावायचे म्हणून. गाडी चालवणारा पाववालाही भट्टीबरोबर रिकामा झालाय, तो म्हणतो इंजिन त्याने पोरासारखं सांभाळलंय. त्याचा पोरगा मी पाहिलाय, तरी इंजिन चांगलं वाटलं.

विसार देऊन आलो. तुझ्या पैशांत बसते, वर लोखंडाला पुरतील एवढे उरतात. मागे रॅम्प, आत मधली दांडी, हवेला खिडक्या, सगळं मी बांधतो. कारखान्याची पोरं मदतीला आहेत. पूर्वी गुरांचे ट्रक बांधलेत मी, घोडं म्हणजे काही वेगळं नसणार.

मला घोडीचं माप पाठव. लांबी, रुंदी, उंची. अंदाजाने नको, मोजून. अंदाजाने फक्त भाजीत मीठ घालावं, आणि तुझं तेही चुकतं.

दादा


१० फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र वाचून मी तबेल्यात जाऊन मिरीला सांगितलं, की माझ्या भावाने तुझ्यासाठी पावाची गाडी घेतली. तिने माझी बाही चावली. पावाचा वास आला असेल.

माप तबेल्यात घोड्यांना तयार करणाऱ्या आमच्या मास्तरांनी घेतलं, काठी लावून, सपाट फरशीवर, म्हणजे इंचाचाही फरक नाही. छातीपासून पुठ्ठ्यापर्यंत पाच फूट तीन इंच, मान पुढे काढली तर आणखी अडीच फूट धर. पोटाशी रुंदी दोन फूट. उंची चार फूट दहा इंच. मास्तर म्हणाले, एवढ्या काटेकोर मापाची घोडी दादाला दुसरी मिळायची नाही.

पैसे आजच पाठवते. आता माझ्याकडे एक घोडी आणि एक भाऊ उरला. सांभाळून कर आणि लवकर कर.

धाकटी


१ मार्च

दादा,

तीन आठवडे झाले, तुझा एक शब्द नाही. मी इथे दारापर्यंत जाते, परत येते, पोस्टमन दिसला की उगाच झाडायला घेते.

ठेकेदार काल येऊन घोड्यांचे दात बघून गेला. मिरीचेही बघितले. मी म्हटलं, ही नाही. तो म्हणाला, "असू दे, एकतीस तारखेला बघू." त्याच्या ट्रकात मी माझं कपाटही पाठवणार नाही.

दादा, मी स्पष्ट विचारते. माझं घोडं कुठे पेंड खातंय? कारखान्यात काम असेल तर तसं सांग. आणि वहिनींना हे सगळं नको असेल तर तेही सांग. लग्न न करता घोडी पाळणारी नणंद कोणाला आवडेल? पण मग गाडी आहे तशीच पाठवून दे, मी इथे कोणाकडून तरी दोन दांड्या ठोकून घेईन. तुझ्या उपकाराची वाट बघत मी वरातीमागून घोडं नाचवू शकत नाही.

धाकटी


५ मार्च

धाकट्या वन्सं,

तुझं पत्र माझ्या हाती पडलं आणि मी ते फोडलं. ह्यांना दिलेलं नाही. देणारही नाही. माझ्याबद्दल जे लिहिलंस ते वाचलं, आणि दुसऱ्याचं पत्र फोडलं की असंच वाचायला मिळतं, म्हणून गप्प बसले. तुझी घोडी मला आवडते. न बघता आवडते. का ते सांगते.

ह्यांना कारखान्यातून काढून टाकलं. गेल्या सप्टेंबरात. ऐकू येत नाही हे कारण. हे कोणालाच सांगत नाहीत, मलाही नाही. त्यांच्या एका जोडीदाराची बायको मला बाजारात भेटली, तिच्याकडून कळलं. हे रोज सकाळी डबा घेऊन निघतात आणि संध्याकाळी रिकामा डबा आणतात. मधे कुठे बसतात देव जाणे. मी डबा भरते. काय करू? विचारलं तर त्यांच्याकडे तेवढंही उरणार नाही, असं वाटतं.

पावाची गाडी अंगणात आल्यापासून हे घरी जेवतात. "कारखान्यातून रजा काढलीय" म्हणतात. कारखान्याची पोरं वगैरे कोणी नाही, हे एकटेच करतात, म्हणून उशीर. सकाळपासून ठोकाठोक. शेजारच्या बाई तक्रार करायला आल्या, मी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. जेवताना तुझ्या घोडीबद्दल बोलतात, तिला वारा कुठून लागेल, तिला पाय कसे पसरता येतील. सहा महिन्यांत माणूस एवढं बोललं नव्हतं.

एकच मागते. गाडी येईल तशी गोड मानून घे. काही खोट असली तर मला लिही, ह्यांना नको. आता एवढ्यात कोणी "चुकलं" म्हणालं तर ह्यांचं काही धड होईल असं मला दिसत नाही.

तुझी वहिनी


७ मार्च

धाकटे,

हातात ग्राइंडर असला की पेन धरवत नाही, म्हणून उशीर झाला. आता बघ. मागच्या बाजूला चित्र काढलंय.

रॅम्प लांब केला, म्हणजे चढ कमी. त्यावर आडव्या पट्ट्या, खूर घसरू नये म्हणून. जमिनीला जाड रबर. दोन्ही बाजूंना खिडक्या, पाऊस आत येणार नाही आणि वारा येईल अशा. छातीशी दांडी, तिला गादी गुंडाळलीय, तुझ्या वहिनीची जुनी गादी होती.

आणि आता खरी गंमत. आतली उंची साडेसात फूट. तुझी घोडी चार फूट दहा इंच. एवढी जागा वाया कशी घालवायची? म्हणून पावणेसहा फुटांवर मी पूर्ण लांबीचा माळा बांधला. त्यावर तुझं खोगीर, पेंढ्या, पाण्याचे डबे, एखाद दिवशी कुठे अडकलीस तर तुझं अंथरूणसुद्धा. माळ्याच्या पट्ट्या मी गाडीच्या फासळ्यांना जोडल्यात, त्यामुळे सगळी गाडी एकसंध झालीय. वर मी स्वतः रांगत चढून, लोळून पाहिलं. हललं नाही. घोडीच्या पाठीवर जवळजवळ फूटभर मोकळं. एवढं ऐसपैस माणसांनाही मिळत नाही.

तीस वर्षांत एवढं नीट काम मी केलं नव्हतं. तिथे घाईच असायची. रंग कुठला देऊ ते कळव.

दादा


११ मार्च

दादा,

"फार सुंदर झालीय, हिरवा दे" असं पत्र मी काल लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि पोस्टात टाकायला निघाले. वाटेत तबेल्यात डोकावले. मिरीने लांबून मला ओळखलं आणि मान वर केली. मी तिथेच उभी राहिले, आणि मग पाकीट फाडलं.

चूक माझी आहे. ती आधी ऐकून घे. घोड्याची उंची आम्ही खांद्यापाशी मोजतो, जिथे मान सुरू होते तिथे. सगळे घोडेवाले तसंच मोजतात, कारण डोकं काही एका जागी राहत नाही. चार फूट दहा इंच म्हणजे मिरीचा खांदा. तिची मान आणि डोकं त्याच्या वर आहे. आज मी भिंतीशी तिला उभी करून कानांच्या टोकांशी खडूची खूण केली. सहा फूट नऊ इंच. आणि ती घाबरली की आणखी वर जाते. आम्ही इतकी वर्षं असंच बोलतो, की हे तुला सांगावं लागेल हे मला सुचलंच नाही, मास्तरांनाही नाही.

तू चित्रात मिरी काढलीस ना, ती पाठीच्या सरळ रेषेत डोकं धरून उभी आहे. दादा, तू बैल काढलास.

तुझा माळा तिच्या डोळ्यांसमोर येतो. गाडीत पाय ठेवायलाच जी घाबरते, तिने एकदा डोकं आपटलं की ती पुन्हा कधी चढणार नाही. मी हे लपवलं असतं तर तू खूश राहिला असतास आणि मी तिला त्या गाडीत कोंबलं असतं. ते माझ्याच्याने होत नाही. आणि तुझ्या कामाला "फार सुंदर" म्हणून खोटं लिहावं, एवढा परका तू मला नाहीस.

रॅम्प, खिडक्या, दांडी, गादी, सगळं मला आवडलं. ते मी पहिल्या, फाडलेल्या पत्रातही लिहिलं होतं आणि ते खरं होतं. फक्त माळा. मला फार वाईट वाटतंय, दादा. काय करायचं ते तू सांग.

धाकटी


२१ मार्च

धाकटे,

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी अंगणात गेलो नाही. तुझी वहिनी चहा आणून ठेवायची आणि काही विचारायची नाही. तिसऱ्या दिवशी मी गाडीत जाऊन माळ्याखाली उभा राहिलो. माझी उंची पाच फूट सात. डोक्याला दोन बोटं जागा. म्हटलं, मी घोडी असतो तर लाथ मारली असती.

तुम्ही घोडेवाले काय लोक आहात? बसची उंची मी खिडकीपर्यंत मोजतो का? ज्याला डोकं आहे त्याचं माप डोक्यापर्यंत घ्यावं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तुझ्या मास्तरांना माझा नमस्कार सांग आणि त्यांची काठी जाळ.

माळा कापला. पूर्ण. फासळ्यांना जोडला होता, त्यामुळे कापायला बांधण्यापेक्षा जास्त वेळ लागला. मी ज्या नीटपणाची फुशारकी मारली होती तोच नडला. निघालेल्या पत्र्याची ड्रायव्हरच्या मागे खोगिराची पेटी केली. आता वर मोकळं छत आहे, साडेसात फूट, आणि त्याला आतून उरलेली गादी लावलीय, मान आपटली तर लागू नये म्हणून. खरं सांगू? आता ती जास्त चांगली दिसते.

दुसरं. कारखान्याची पोरं मदतीला आहेत, कामाचा डोंगर आहे, असं मी लिहीत होतो. तसं काही नाही. वरून पत्रा उतरत होता, सगळे ओरडले, मी ऐकलं नाही. लागलं कोणालाच नाही, पण मालकाने हिशेब करून दिला. सप्टेंबरात. तेव्हापासून मी नदीच्या पुलाशी बाकावर बसून डबा खात होतो. तुझ्या वहिनीला माहीत आहे, हे मला माहीत आहे. डब्यात रोज माझ्या आवडीची भाजी यायला लागली तेव्हाच ओळखलं. आम्ही दोघं एकमेकांना सांभाळत बसलो. तू चूक लिहून मोकळी झालीस, तेव्हा वाटलं, आपणही मोकळं व्हावं. काल तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग आता डबा नको ना भरायला?" आणि रडली.

गाडी घेऊन मी येतोय. चालवणार पाववाला, मी शेजारी. तू आता काही मोजू नकोस. तुमच्या मापावरचा माझा विश्वास उडालाय, मी स्वतः टेप घेऊन येतो. रंग दिलेला नाही. झाकायचं काही नाही.

दादा


३१ मार्च

वहिनी,

घाटापलीकडे, दूधवाल्या बाईंच्या ओट्यावर बसून लिहितेय. कागद मांडीवर आहे, अक्षर समजून घ्या. तुम्हाला मी त्या पत्रात जे बोलले त्याची माफी समोर आल्यावर मागेन, इथे नको, नाहीतर मुख्य गोष्ट राहून जाईल.

दादा परवा पोचला. गाडीतून उतरला, मला एक टपली मारली आणि सरळ मिरीपाशी गेला. टेप काढला. खांद्यापाशी धरला, माझ्याकडे बघून मान हलवली, मग कानांपर्यंत नेला. मिरीने त्याची टोपी उचलून खाली टाकली. दादा म्हणाला, "बरोबर आहे, मीच असतो तर तेच केलं असतं." केवढ्यांदा म्हणाला, सगळा तबेला वळून बघायला लागला.

पण आज सकाळी मात्र माझा धीर सुटला. ठेकेदाराचा ट्रक त्याच वेळी आला. मालकांचे घोडे चढवताना आरडाओरडा, दोरखंड, खुरांचा दणदणाट. मिरी हे सगळं बघत होती. तिला रॅम्पपाशी नेलं आणि तिने पाय रोवले. मी गोड बोलले, गूळ दाखवला, पाववाल्याने मागून टाळ्या वाजवल्या, मास्तर तिच्या कानाशी पुटपुटले. ती एक पाऊल पुढे यायची आणि डोकं वर फेकून चार पावलं मागे जायची. मी रॅम्पवर तिच्याकडे तोंड करून ओढत होते आणि मनात म्हणत होते, दादाची एवढी मेहनत, आणि ही चढणारच नाही. मालक म्हणाले, "ठेकेदाराची माणसं आहेत, दोन दोर लावून चढवतील. कुठल्या गाडीत ते तू ठरव." ती माणसं दोरखंड घेऊन निघालीसुद्धा होती.

दादा इतका वेळ गाडीच्या आत होता, खिडकीची एक कडी सैल वाटली म्हणून पिळत होता. बाहेरचा गोंधळ त्याला काही ऐकू आला नव्हता. काम संपवून तो रॅम्पवर आला, आम्हा सगळ्यांकडे बघितलं आणि विचारलं, "अजून इथेच?" मी काही बोलायच्या आत माझ्या हातातली दोरी घेतली आणि वळला. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. दोरी सैल सोडून, जसा रोज डबा घेऊन निघत असेल तसा तो गाडीत चालू लागला.

वहिनी, आम्ही सगळे तिच्याकडे डोळे लावून होतो, ओढत होतो, ढकलत होतो. हा एकटा माणूस, ती मागे येतेय की नाही हे न बघता पुढे निघाला. मिरीने त्याच्या पाठीकडे बघितलं. मान खाली घातली, रॅम्प हुंगला. मग एक खूर टाकला, मग दुसरा. पट्ट्यांवर खुरांचा केवढा आवाज झाला. मला वाटलं, आता दादा दचकून वळेल आणि ती बुजेल. पण त्याला ऐकूच आलं नाही. तो चालत गेला, दांडीपाशी थांबला आणि समोरच्या पत्र्याकडे तोंड करून उभा राहिला. ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. डोकं वर केलं, पूर्ण वर, आणि तरी छत लागलं नाही.

मी दार लावायला धावले. आतून दादाचा आवाज आला, तसाच मोठ्ठा, "आली का ती?" आणि तेवढ्यात तिने त्याच्या मानेवर श्वास सोडला. मग त्याने परत विचारलं नाही.

दूधवाल्या बाईंकडे गाय न्यायला गाडी नाही. त्यांनी दादाला गाडीभोवती दोनदा फिरवून आणलं आणि आता ते दोघं अंगणात टेप लावून बसलेत. त्याला घरी यायला आठवडाभर उशीर होईल. गाय मोजतोय, शिंगांपासून.

तुमची धाकटी